दादाच्या मशीनमधला मेल

मालकांनी आशा सोडलेले कॉम्प्युटर जिवंत करणं हा तिचा धंदा, म्हणून गिऱ्हाइकं तिला डॉक्टरीणबाई म्हणत. जिन्याखालच्या खोलीत बावीस वर्षं हेच चाललं होतं. धापा टाकणारं मशीन आलं की त्यातली जड प्रणाली काढायची, लिनक्स नावाची हलकी प्रणाली टाकायची, मेलचा प्रोग्राम बसवायचा आणि जुने मेल उचलून त्यात आणून ठेवायचे. तिचे नियम दोनच. मेलचं फोल्डर उचलायचं तर अख्खं, त्यातलं काहीही मागे सोडायचं नाही. आणि दुसऱ्याचा मेल वाचायचा नाही, कुणी गळ्याची शप्पथ घातली तरी नाही. या दुसऱ्या नियमाचा तिला भारी तोरा होता.

त्या दिवशी सकाळी वहिनी मशीन घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खालीच पडला.

"यांचं आहे. चालू होत नाही. मला यांचे मेल हवेत," वहिनी म्हणाल्या. चहालाही नको म्हणाल्या.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते. त्याआधी चार वर्षं बहीणभावाचं बोलणं नव्हतं. आईला शेवटी कुणाकडे ठेवायचं यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस" हे शब्द डॉक्टरीणबाईच्याच तोंडून गेले होते. जीभ पहिल्यापासून तिखट, आणि नंतर एकटीच रडत बसायची खोड.

"वहिनी, माझ्यावरचा राग अजून गेला नाही का हो?" तिने पेच काढता काढता विचारलं.

"कसा जाईल? जायच्या अकरा दिवस आधी यांनी तुम्हाला मेल पाठवला. माझ्यादेखत पाठवला. तुम्ही एका ओळीचं उत्तर दिलं नाहीत, वन्सं. शेवटपर्यंत हा माणूस मशीनसमोरून हलला नाही."

"मला काही आलं नाही. आईशप्पथ नाही! हा घ्या फोन, बघा."

वहिनींनी फोनला हातही लावला नाही. "पुसायला कितीसा वेळ लागतो? तुमचा तर धंदाच हा."

डॉक्टरीणबाईचं तोंड कडू झालं. जगाने खोटारडी म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण दादाच्या बायकोने म्हणावं हे तिला सोसेना. ती कामाला लागली. डिस्क अजून वाचता येत होती. तिने दादाचं मेलचं फोल्डर अख्खं बाजूला काढलं, लिनक्स टाकलं, मेलचा प्रोग्राम बसवला, फोल्डर जागेवर ठेवलं आणि प्रोग्राम उघडला.

नव्याने बसवलेला प्रोग्राम कोराकरकरीत दिसतो. हा वापरातला दिसत होता. खिडकी डाव्या कोपऱ्यात सरकवलेली, अक्षरं अंगठ्याएवढी, कारण दादाला चष्म्यानेही नीट दिसत नसे. अख्खं फोल्डर आणलं की त्याच्या सवयीही सोबत येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दादा आत्ताच पाणी प्यायला उठला असावा असं तिला वाटून गेलं.

खालच्या कोपऱ्यात प्रोग्रामची इंटरनेटशी जोडणी बंद असल्याचं टिचभर चित्र होतं. तिने ते दाबलं. एक चौकट उघडली, आणि तिने न वाचताच 'हो' दाबलं. बावीस वर्षांत अशा हजारो चौकटींना तिने डोळे झाकून हो म्हटलं होतं.

तिच्या खिशातला फोन वाजला. फोनवर दादाचं नाव होतं.

तिने मेल उघडले, तर सगळ्यात वर काहीच नवीन नाही. तिने बोटाने यादी खाली सरकवली, अजून खाली, पार आठ महिने मागे. तिथे, सुट्या भागांची एक यादी आणि एक जाहिरात यांच्यामध्ये, कायम तिथेच असल्यासारखा तो मेल बसला होता.

'छकुले, माझं चुकलं आणि तुझंही. मी येऊ का? नको असेन तर उत्तर देऊ नकोस, मी समजून जाईन.'

वहिनी खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "म्हणजे आला होता."

"नाही हो! ही तारीख लिहिल्याची आहे. पोचल्याची वेळ आत असते." तिने मेलची माहिती उघडली. आजची तारीख, अकरा वाजून बावीस मिनिटं. वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा पंचवीस झाले होते.

"दादाच्या हातून जोडणी बंद झाली असणार," डॉक्टरीणबाई कशीबशी म्हणाली. "प्रोग्रामने मेल घेतला आणि ठेवून दिला. हे मशीन सोडून तो कुठे गेलाच नव्हता. आत्ता चौकटीने विचारलं असेल, पाठवू का. मी हो म्हटलं."

वहिनी मशीनसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"परत एकदा पाठवतो म्हणत होते," त्या म्हणाल्या. "मीच अडवलं. म्हटलं, बहिणीपुढे किती नाक घासाल?"

वहिनींचा विश्वास बसला होता. डॉक्टरीणबाईला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दादा गेला तो आपण तिला नकोसे झालो असं समजून. तिला भडभडून आलं. आपण करतोय तो वेडेपणा आहे हे कळत असूनही तिने त्या मेलला उत्तर लिहिलं, एकच शब्द, 'ये', आणि पाठवून दिलं.

क्षणभराने मशीन वाजलं. पडद्यावर तिचं नाव उमटलं, दादाच्या त्या मोठ्या अक्षरांत.

वहिनींनी चष्मा लावला आणि वाचलं. मग मान वळवून त्या शेजारच्या, कुणीच न बसलेल्या स्टुलाला हलकेच म्हणाल्या, "अहो, वन्सं ये म्हणतायत."

डॉक्टरीणबाईने स्टुलावर पडलेल्या वायरी उचलल्या आणि जागा मोकळी केली.