बरा आहेस ना?

भिंतीवरचा पडदा आज पुन्हा अडकला. कंपनीच्या शेकडो सर्व्हरांची तब्येत त्यावर दिसते. ती बघत बसायचं काम, शाळा अर्धवट सोडलेल्या मला, मॅडमनी विश्वासानं दिलंय. म्हणून पडदा थांबला की मी धावत जाऊन त्यांना बोलावतो.

“अरे, क्षणाक्षणाला प्रत्येक सर्व्हरला ‘बरा आहेस ना’ विचारतोय आपण. उत्तरं देऊन ते दमतात, ऐकून हा पडदा दमतो,” म्हणत मॅडमनी विचारणं कमी केलं. पडदा भराभर चालू लागला.

“आणि मध्येच काही बिघडलं तर?”

“बिघडलेला सर्व्हर स्वतःच ओरडेल, बाबा. तशी सोय केलीय.”

गावी आई एकटी, नुकती आजारातून उठलेली. मी सारखा फोन करतो आणि ती दरवेळी अंथरुणातून उठून, धापा टाकत “बरी आहे रे” म्हणते. तिला पडू द्यावं म्हणून आज फोन न लावताच खाली ठेवला.

पण आई ओरडणाऱ्यांतली नाही.