चौदाव्या पानावरचा मासा

तोरिकाने उभ्या आयुष्यात एकच पुस्तक केलं, आणि तेसुद्धा पहिलीचं. पानाला एक चित्र, चित्राखाली एक ओळ. एवढ्याशासाठी बाईने केस पांढरे करून घेतले, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा आणि ते काही खोटं नव्हतं. फिजीच्या राजधानीत, सुव्यातल्या पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत ती तरुणपणी चिकटली तेव्हा पहिलीची पोरं परदेशी पुस्तकातून सफरचंद आणि खार शिकत होती. खार मास्तरांनीही पाहिलेली नव्हती. झुपकेदार शेपटीचा उंदीर म्हणून ते वेळ मारून नेत. तोरिकाला याचा संताप यायचा. पोराला वाचायला शिकवायचं तर त्याने रोज पाहिलेलं, रोज खाल्लेलं पानावर हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते मान्य व्हायला तीन साहेब निवृत्त व्हावे लागले.

चौथे साहेब विलिसोनी. ते हो म्हणाले, पण हातचं राखून. पुस्तक कागदावरही निघेल आणि शाळांना वाटलेल्या टॅबलेटवरही. पोरं मोठ्याने वाचतील, यंत्र ऐकेल, आणि कुठलं पान जमलं, कुठलं नाही, ते कचेरीत दिसेल. चाललं तर ठीक, नाहीतर बाहेरचं तयार पुस्तक आहेच.

मग तोरिका कामाला लागली. शाळाशाळांतून पोरांना कोणते शब्द येतात ते टिपलं. बोटीचं भाडं मंजूर न झाल्याने हे सगळं सुव्याच्या आसपासच झालं. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रांतातला एक जाणता माणूस समितीत घेतला आणि एकेक चित्र भिंतीवर दाखवून, "कुणाला काही खटकतंय का?" असं तिने दर पानाला विचारलं. कुणाला काहीच खटकलं नाही. चौदाव्या पानावरचा मासा आला तेव्हा बुबू सेराइआ खिडकीबाहेर बघत होती. ही एका बेटावरची निवृत्त मुख्याध्यापिका, आणि बुबू म्हणजे आजी. सगळी कचेरी तिला तेच म्हणायची. म्हातारी दमली असेल, असं तोरिकाला वाटलं. मौन म्हणजे संमती धरून तिने पान पुढे सरकवलं.

पुस्तक शाळांत गेलं आणि पहिल्या सत्राचा अहवाल आला. तो आणला शाल्विनने. त्याचा पणजा उसाच्या मळ्यावर राबायला भारतातून आला होता; हा मात्र सगळ्या कचेरीचे संगणक सांभाळायचा. बऱ्याच शाळांचा आलेख हिरवा होता, कुठेकुठे एखाददुसऱ्या पानावर पिवळा. पण बुबूच्या बेटावर नावाइदामु नावाचं गाव आहे, तिथल्या आणि शेजारपाजारच्या शाळांत पोरं तेराव्या पानापर्यंत घोड्यासारखी धावत होती आणि चौदाव्यावर सगळीच्या सगळी गप्प होत होती. यंत्राने लाल शेरा मारला होता: वाचता येत नाही.

विलिसोनी साहेब म्हणाले, "बाई, मी आधीच सांगत होतो. घरचं पुस्तक घरच्यांनाच वाचता येईना."

"साहेब, तेरा पानं वाचणाऱ्या पोराला चौदावं का येऊ नये?"

"ते तुम्ही सांगायचं. पुढच्या बैठकीपर्यंत सांगा, नाहीतर मी बाहेरच्या पुस्तकावर सही करतो."

या खेपेला बोटीचं भाडं तिने स्वतःच्या खिशातून भरलं. सोबत यांगोनाच्या, म्हणजे कुटून पेय करतात त्या मुळांची जुडी घेतली, कारण रिकाम्या हाताने कुणी गावात शिरत नाही. ती गावप्रमुखापुढे ठेवताना रीत म्हणून तिने वडिलांच्या मुलुखाचं नाव घेतलं. म्हातारे एकमेकांकडे बघून गालात हसले. का, ते तिला कळलं नाही. ती सुव्यात, मास्तरांच्या चाळीत वाढलेली. रीतिरिवाज तिला लग्नमर्तिकापुरतेच ठाऊक होते.

शाळा म्हणजे एकच लांब खोली. मास्तर नेमानी परप्रांतातला, इथल्या मुलीशी लग्न करून राहिलेला. खिडकीबाहेर पोरांच्या आया कोयत्यांनी गवत कापत होत्या. आठवड्यातून एकदा हे काम त्यांच्याकडे असतं. तोरिकाने एका चुणचुणीत मुलीला उभं केलं. पोरीने तेरा पानं खडाखडा वाचली. चौदावं पान आलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मागचे मुलगे बाकाखाली शिरले.

तोरिका मास्तरांकडे वळली. "काय झालं हो हिला?"

मास्तर म्हणाले, "पान उलटू या का, बाई?"

"अहो, पान काय उलटू या? मासा आहे साधा!" आणि तिने त्या माशाचं नाव घेतलं. चांगलं खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं.

बाहेरचे कोयते थांबले. एक बाई मटकन खाली बसली आणि पदर शोधावा तसा कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा काठ तोंडाशी धरून हसू की रडू करू लागली. बाकीच्या वाटेला लागल्या.

तोरिकाच्या कानशिलाला चटका बसला. ती सुव्याची असली तरी फिजीचीच होती. प्रत्येक मुलुखाचा आपला एक मासा असतो, एक झाड असतं, आणि तो मासा पोटात घातलेला चालतो, पण त्याचं नाव त्या मुलुखाच्या बायकांसमोर काढणं म्हणजे भर सभेत त्यांचं नेसूचं ओढणं. आणि तिने पहिलीच्या पोरींना ते मोठ्याने वाचायला लावलं होतं, वर गुण ठेवले होते. (ते नाव मीही इथे घेत नाही. उगाच कुणाच्या ताटात खडा कशाला?)

संध्याकाळी गावप्रमुख आला. तोरिका मान खाली घालून माफी मागायला लागली, तर तो खो खो हसत सुटला.

"अगं, बापाच्या मुलुखाचं नाव घेतलंस म्हणून वाचलीस! तू आमची ताउवू. तुमचा आमचा मूळ देव एकच. तुला आम्हाला काहीही बोलायची मुभा आहे."

"काहीही?"

"काहीही. आणि आम्हाला तुला काहीही करायची."

असं म्हणून त्याने शेजारचा पाण्याने भरलेला डबा तिच्या डोक्यावर रिता केला. बायका दारात उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. तिच्या चपलाही त्यांनीच लांबवल्या. त्या तिला परत मिळाल्या नाहीत आणि तिने मागितल्याही नाहीत.

परतीच्या बोटीत तिला खिडकीबाहेर बघणारी बुबू आठवली. म्हातारी दमली नव्हती. खटकलं होतं, पण काय खटकलं हे सांगायला तेच नाव तोंडी घ्यावं लागलं असतं. अळीमिळी गुपचिळी! तोरिकाला स्वतःचा राग आला आणि हसूही आलं.

बैठकीत विलिसोनी साहेबांनी सहीचा कागद पुढ्यात घेऊनच विचारलं, "मग, बाई? पोरं का अडली?"

खोलीत समिती बसली होती. समोरच बुबू, हातात पाण्याचा पेला. तोरिकाला आडून आडून सांगता आलं असतं. पण आडून सांगितलेलं कागदावर चढत नाही, आणि पुस्तक तर आजच मरणार होतं. ती उठली, बुबूपुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "बुबू, माझे वडील डोंगरातले. मी तुमची ताउवू."

बुबूने चष्म्यावरून पाहिलं. गावाकडची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "मग? चपला दाखवायला आलीस?"

"चपला तुमच्याच लोकांनी नेल्या. मी तुमच्या माशाचं नाव घ्यायला आलेय." आणि घेतलं.

बुबू सावकाश उठली, पेला तोरिकाच्या डोक्यावर उपडा केला, शेजाऱ्याचाही घेतला, तोही केला. मग अशी हसली की तिची कवळी सुटायची राहिली.

"इतके दिवस घशात अडकलं होतं माझ्या! भिंतीएवढा मोठा करून दाखवला, मेलीने!"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आणि कुणासमोर बोलू? हे सगळे बाप्ये बसलेले!"

शाल्विन भाबडेपणाने म्हणाला, "सोपं आहे की. दुसरा मासा टाकू."

मग एक म्हातारा टेबलाकडे बघत म्हणाला, "नववं पानही जरा बघा." दुसऱ्याने एकोणिसाव्याचं सुचवलं. शेवटी विलिसोनी साहेब छताकडे नजर लावून पुटपुटले, "बाविसाव्यावरचं झाड... म्हणजे, माझी बायको घरी ते पान उघडू देत नाही."

"म्हणजे साहेब, तुम्हीसुद्धा?" तोरिकाच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

"नारळ तरी राहू द्या," शाल्विन काकुळतीला आला.

"नारळही कुणाचातरी आहे, बाळा," बुबू म्हणाली.

त्या दिवशी कागदावर सही झाली नाही. ठरलं ते असं: अडलेल्या पानांवर चित्रच नको. रिकामी चौकट ठेवायची, पोराने त्यात बोटाने आपलं चित्र काढायचं, आणि खाली ओळ: हा आमचा मासा. हे आमचं झाड. रिकाम्या चौकटीला यंत्र गुण कसे देणार, हे शाल्विनला कळेना. साहेबांनी एकाच सत्राची मुदत दिली. नावाइदामु पुन्हा लाल आलं, तर सहीचा कागद खणात होताच.

सत्र संपलं. बुबू त्या दिवशी पेन्शनच्या कामाला आली होती, ती चहाला तोरिकाच्या टेबलाशी बसली. शाल्विन टॅबलेट घेऊन धावतच आला. नावाइदामु हिरवं होतं. त्याने बटण दाबलं आणि सगळा वर्ग एका दमात ओरडला, "हा आमचा मासा!" तोरिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"पण गंमत बघा, बाई," शाल्विन चित्रांवर चित्रं सरकवत म्हणाला. "प्रत्येक पोराने एकच मासा काढलाय. तोच लांब काटा, तेच पट्टे. कुणी सांगितलं नसताना! कुठला मासा हो हा?"

बुबूने चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"मासा आहे," तोरिका म्हणाली.