योगराज पाटलाच्या डब्या

योगराज पाटील मूळचा धरणगावचा. जळगावात पाइपच्या कारखान्यात मशीनवर कामाला, आणि लग्नसराईत झुलालआबांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला. मी त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर. टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर बसून आम्ही दोघं बारा वर्षं चोपड्यापासून साक्रीपर्यंत हिंडलो. बेसवाल्याकडे कुणी बघत नाही. योगराज मागे, जनरेटरच्या बाजूला मान खाली घालून उभा असायचा. पण एखाद्या गाण्यात तो मध्येच थांबला, की नाचणाऱ्यांचे पाय अडखळायचे. हे त्याला ठाऊक होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

आमची गायिका म्हणजे त्याची बायको, दिपमाला. धुळ्याकडची. स्वतःच्या हळदीला ती स्वतःच गायला बसली होती. तिचा आवाज गोड नव्हता, रुंद होता. माइक बंद पडला तरी मांडवाच्या टोकापर्यंत जायचा. मांडवात ती लोकांना हवी ती गाणी गायची, पण घरी एका वहीत तिनं स्वतःची सहा गाणी लिहिली होती, अहिराणीत. एक गाणं शेतातल्या मोटरीचं होतं. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरातली बाई मोटरीच्या आवाजाकडे कान लावून दिवसभर कामं उरकते, असं काहीसं. टेम्पोत ती ते गुणगुणायची आणि ड्रायव्हरसुद्धा आपली टेप बंद करायचा.

मग झुलालआबांनी मला एक दिवस बाजूला घेतलं. "कुंदन, तुझ्या कीबोर्डवर डाव्या हातानं बेस वाजतो म्हणे?" मी हो म्हणालो. त्या हंगामापासून योगराजला बोलावणं बंद झालं. तो माझ्यावर कधी चिडला नाही. पुढच्याच वर्षी कोरोना आला आणि ऑर्केस्ट्राच बसला.

"बरं झालं," योगराज म्हणाला. "आता दिपमालाची सहा गाणी घरीच रेकॉर्ड करतो. एकदम पक्की."

त्यानं मागची खोली रिकामी केली, भिंतींना गोधड्या टांगल्या, माइक आणि जुना लॅपटॉप आणला. रेकॉर्डिंगमध्ये बेसचा आवाज खालीवर होत होता म्हणून एक पेडल मागवलं. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची लोखंडी डबी, अर्ध्या विटेएवढी. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. वरचं बटण पायानं दाबलं की आवाज बदलतो. ही पहिली डबी खरंच गरजेची होती. आवाज एकसारखा झाला. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि पुढच्या रविवारी पहिलं गाणं करायचं ठरवलं.

त्या रविवारी त्याला वाटलं, बेस जरा पातळ वाटतो. आवाज जाड करणारी डबी आली. मग तो थरथरवणारी, मग लांबवणारी, मग फाडणारी. त्यानंतर एकाच कामाच्या तीन-तीन डब्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. तो मला पाळीपाळीनं ऐकवायचा. "फरक कळला?" मला कळायचा नाही. मी हो म्हणायचो.

फोनवर असल्या डब्या जमवणाऱ्यांचा एक ग्रुप होता. शिलाँगचे, कोचीचे, पुण्याचे लोक. योगराज सकाळच्या उन्हात गच्चीवर डब्या मांडून फोटो काढायचा आणि तिकडे टाकायचा. लोक त्याला 'योगराज सर' म्हणून सल्ले विचारायचे. कारखान्यात त्याला 'ए पाटील' म्हणत. त्याला तिथे काय मिळत होतं ते मला कळत होतं, म्हणून मी त्याला कधी अडवलं नाही. हळूहळू गोधड्यांच्या भिंतीवर फळ्या आल्या. एकोणसाठ डब्या मी स्वतः मोजल्यात. बेस मात्र कोपऱ्यात उभा. त्याच्या बोटांवरचे घट्टेसुद्धा मऊ पडले होते.

दिपमाला दर वेळी तयार होऊन माइकसमोर यायची. दोन ओळी झाल्या की योगराज हात वर करायचा, "थांब, थांब," आणि खाली वाकून एखादं बटण फिरवायचा. चार वर्षांत एक गाणं पुरं झालं नाही.

मग तिच्या गळ्याशी गाठ आली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. गाठ साधी होती, पण आवाजाची नस तिथूनच जाते, क्वचित तिला धक्का लागतो, हेही त्यांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. बुधवारी ऑपरेशन ठरलं. मंगळवारी संध्याकाळी पाचला भरती व्हायचं होतं.

मंगळवारी दुपारी बाराला दिपमालानं मला फोन करून बोलावलं. मी कीबोर्ड घेऊन गेलो. तिनं वही उघडून मोटरीचं गाणं काढलं. योगराजनं नऊ डब्या ओळीनं जोडल्या, आणि हेडफोनमध्ये 'हूं' असा बारीक आवाज येऊ लागला. कुठल्या डबीतून येतोय ते कळेना. तो एकेक वायर काढायचा, ऐकायचा, परत लावायचा. एक वाजला, दोन वाजले. ती खुर्चीवर हेडफोन लावून बसलेली.

"माले आज जानं शे," ती शेवटी म्हणाली. एरवी ती आमच्याशी शुद्ध बोलायची. "आते या बठ्ठ्या डब्या राहू द्या. मी गास, तुम्ही फक्त बटन दाबा."

"पाचच मिनिटं," योगराज म्हणाला. "असा आवाज राहिला तर जन्मभर खटकेल गं."

माझ्या खिशात फोन होता. तो काढून समोर धरला असता तर तिचं गाणं राहिलं असतं. मी वायरी धरून बसलो. साडेतीनला 'हूं' थांबला. तिनं एक कडवं सुरू केलं, दुसऱ्या ओळीवर तो परत आला आणि योगराजचा हात वर गेला. चार वाजता दिपमाला उठली, वही मिटली आणि पिशवी भरायला लागली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. आवाज मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट पाहू. सहा महिन्यांनी म्हणाले, आता एवढाच. फुटक्या पिपाणीतून हवा जावी तसं ती बोलते. ती नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. फक्त मागच्या खोलीत यायचं तिनं सोडलं.

एका रविवारी योगराजनं मला बोलावलं. "लॅपटॉपमध्ये तिचा आवाज आहे. जोडून एक गाणं करून दे. तुला जमेल."

त्रेचाळीस फाइली होत्या. मी सगळ्या ऐकल्या. प्रत्येकीत ती गाते, आणि योगराज म्हणतो, "थांब, थांब." सगळ्यात लांब फाइल बावन्न सेकंदांची. कडव्याच्या चौथ्या ओळीपर्यंत ती कुठेच पोचली नव्हती. मी दोन दिवस बसून तीन ओळी जोडल्या. सूर एकमेकांशी जुळत नव्हते. कुठे तिला सर्दी होती, कुठे बाहेर भंगारवाला ओरडत होता.

योगराजनं हेडफोन स्वतः तिच्या कानाला लावले. ती भाजी निवडत होती. हात थांबवून तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिच्या त्या फाटक्या आवाजात विचारलं, "मधलं ते 'थांब' काढता येणार नाही का?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "तिथं त्याच्या आवाजाखाली तुम्ही गाताय. ते काढलं तर तुम्हीही जाता."

तिनं मान हलवली आणि परत भाजी निवडायला घेतली. योगराज उंबऱ्यात उभा होता. तो भिंतीला टेकून खाली बसला.

मला वाटलं, आता हा सगळं विकून टाकेल. त्यानं महिन्याभरात एक नवी डबी मागवली. गायकांसाठीची. बारीक आवाज भरदार करते, त्याला वरचा-खालचा जोडआवाज देते. त्यानं ती माइकला जोडली आणि माइक स्वयंपाकघरापर्यंत ओढत नेला.

"एकदा बोलून तर बघ. नुसतं काहीही बोल."

दिपमाला माइकशी वाकली. "हॅलो," ती म्हणाली. स्पीकरमधून चार-पाच बायका एकदम खरखरल्या. तिनं गॅस बंद केला आणि पदरानं हात पुसत ती शेजारी निघून गेली. योगराज गुडघ्यावर बसून डबीचं बटण फिरवत राहिला. त्यानंतर तसल्याच आणखी तीन आल्या. मी त्याच्याकडे जाणं कमी केलं. गेलो की तो विचारतो, "फरक कळला?" आणि आता मला हो म्हणवत नाही.

गेल्या आठवड्यात फुले मार्केटमध्ये दिपमाला दिसली. बांगड्यांच्या दुकानात माप सांगत होती. दुकानदाराला ऐकू येईना. त्यानं पुढे वाकून विचारलं, "काय अक्का, सर्दी झाली का?"

तिनं हो म्हणून मान हलवली.