दोन मिनिटं कधी संपली?

काल, मंगळवारी दुपारी चार वाजता, माझ्या मेलेल्या बहिणीचा तिच्याच ऑफिसात अपमान झाला. फोटोला हार घालून.

माधुरी मागच्या आठवड्यात गेली. झोपेतच.

माझी धाकटी बहीण. जन्मापासून बहिरी, आणि चिक्कडपल्लीच्या आमच्या घरातली सगळ्यात बडबडी बाई. हातांनी बोलायची. भांडायला लागली की तिच्या बांगड्या शेजाऱ्यांना ऐकू जायच्या.

हिमायतनगरच्या ऑफिसातच शोकसभा ठेवली होती. पुढच्या रांगेत तिचे बहिरे मित्रमैत्रिणी. त्यांना खुणांनी समजावून सांगणारा दुभाषा? नव्हता.

मॅनेजरसाहेब माइकवर म्हणाले, "माधुरी मॅडम कभी आवाज नै चढाए."

कौतुक होतं ते!

मग दोन मिनिटं मौन. साहेबांनी पुढच्या रांगेला हात जोडून, डोळे मिटून दाखवलं. असं करा. त्यांनी केलं.

साहेब "ओम शांती" म्हणाले. आम्ही बसलो. खुर्च्या वाजल्या, समोसे फिरू लागले, कुणीतरी खिदळलं.

पुढची रांग उभीच.

मान खाली. डोळे बंद.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना डोळे मिटायला लावलं, तर ते उघडायचे कधी हे कोण सांगणार? एवढ्या शिकलेल्या लोकांत एकालाही सुचलं नाही. एकाला फोटो काढायचं मात्र सुचलं.

मी जाऊन झरीनाच्या खांद्यावर हात ठेवला. ती माधुरीच्याच सेक्शनला, तीही बहिरी. तिने डोळे उघडले, समोसे बघितले आणि हातांनी विचारलं,

"कधी संपलं?"

किळस आली मला. अजून जात नाही.

साहेब म्हणाले, "आंटी, आपइच बता दो ना इनको, मैं बोला सो."

"दुभाषी कायको नै बुलाए?"

"अब तो फंक्शन खतम हो गया, आंटी."

फंक्शन!

याच साहेबांनी माधुरीला सुपरवायझर होऊ दिलं नाही. "फोन कौन उठाएगा?" म्हणाले. तिने मोबाईलवर टाइप करून त्यांच्या नाकासमोर धरलं: सर, सुपरवायझरच्या टेबलावरचा फोन कधीचा बंद आहे. वायर उंदरांनी खाल्ली.

सगळा सेक्शन हसला. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. फोन अजून बंदच आहे.

आता तो दुसरा निवृत्त झालाय आणि त्या जागेसाठी झरीनाने अर्ज केलाय. काल निघताना तिने मला ऑफिसचा मेसेज दाखवला. सोमवारी मुलाखत. टेलिफोनवर. फोन न उचलल्यास उमेदवार गैरहजर समजला जाईल.

कॉन्व्हेंटात सिस्टर्सनी शिकवलं होतं, कितीही संताप आला तरी वाक्य सभ्य आणि पूर्ण लिहायचं. लिहिते.

साहेब, तुमचं निम्मं ऑफिस माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचेलच. झरीनाची मुलाखत समोरासमोर, दुभाष्याला बसवून घेणार आहात, असं मला आणि तिला लेखी कळवा. नाहीतर सोमवारी पुढची ती अख्खी रांग घेऊन मी तुमच्या केबिनसमोर उभी राहीन. या वेळी सगळ्यांचे डोळे उघडे असतील.

माधुरी, तू जा निवांत. इथलं भांडण मी बघते. तुझ्या बांगड्या मी घातल्यात.

साहेब, शनिवारी दुपारी बारापर्यंत. लेखी.

फोन करू नका. कुणी उचलणार नाही.