वरणापुरतं पाणी

घरात पावसाच्या पाण्याची टाकी बसवली की आधी किस्से साठतात, पाणी नंतर. माझ्या टाकीचे तर इतके साठलेत, की मी समोरून आलो की गल्लीतले लोक हसू आवरतात.

कारण साधं होतं. आमच्या इंदापूरकडं बोरचं पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही. माझी पत्नी शोभा पावसात गच्चीच्या पन्हाळीखाली घागरी लावायची आणि ते पाणी वरणासाठी जपायची. तिच्या तेराव्याला वरण बोरच्या पाण्यात केलं. पंगत ते बाजूला सारत होती. वर्षश्राद्धाला तसं व्हायला नको होतं.

*

दुकानदारानं विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन."

बरोबर आलेली बहीण रस्त्याकडं बघायला लागली.

"एक," मी सुधारलं.

तो गडबडला. "एकाला पण हजार लिटरचीच घ्या, सर. पाव्हणे येत्यातच की."

*

टेम्पोतून टाकी उतरताना शेजारचे तात्या फाटकात उभे. "सर, टाकीबरोबर ढग बी देत्यात का?"

टेम्पोवाला म्हणाला, "ढग पार्टीनं आणायचे."

*

पंप चालतो का बघायला टाकीत पाणी हवं, आणि बोर नेमका बंद पडलेला. बादली घेऊन मी तात्यांच्या दारात.

तात्यांनी आत हाक दिली, "सूनबाई, सरांच्या ढगाला बादलीभर पाणी दे."

*

पाऊस झाला, टाकी भरली. गल्ली बघायला जमली. मी बटण दाबलं. नळातून काळपट पाणी आलं आणि कबुतराची पिसं. गच्ची झाडायची राहिली होती. शोभा गेल्यापासून मी वर चढलोच नव्हतो.

तात्यांनी खाली वाकून पिसं वेचली. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

*

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी विकतच्या पाण्याचा जार मी मागच्या दारानं आत घेतला. वरण मऊ शिजलं.

"टाकी धुतलीत वाटतं. नंतरचा पाऊस चांगला साठला," पंगतीत कुणी म्हणालं. मी मान डोलावली.

संध्याकाळी तात्या घागर घेऊन आले.

"वैनी दरसाल एक घागर आमाला द्यायच्या. तुमाला ठाव नसंल. आमची ही आजारी हाय, वरणभात तेवढा खाती. पण दुसऱ्या पाण्याचं वरण तिच्या घशाखाली उतरत न्हाय."

मी घागर आत नेली आणि जारातून भरून आणली.

तात्यांनी ओंजळीत पाणी ओतून एक घोट घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "हेच पाणी."