तेल्या आणला कुणी? तीन उत्तरं

आटपाडीच्या पुढं एका गावात मेंढरांना बंदी घालायचा ठराव येतोय, हे कळलं आणि माझं डोकंच सटकलं. तिथं एका धनगर कुटुंबाचा कळप रानारानातून बसत होता. मेंढरं बसतात, लेंडीखत पडतं, रानमालक बदल्यात धान्य देतो; आजा-पणजापासूनची रीत. आता एका बागवाल्याच्या डाळिंबावर तेल्या रोगाचे डाग उठले. कळप त्याच्या बांधाशेजारी बसला होता. झालं! रोग मेंढरांनीच आणला, हाकला त्यांना. कळपातल्या कितीतरी मेंढ्या व्यायला आलेल्या. आत्ता चालवल्या तर कोकरं वाटेतच जायची.

सांगलीहून येताना एसटीतच मी पत्रक खरडलं: ‘मेंढरं निर्दोष! रोग आणला छाटणी-मजुरांच्या टोळीच्या कात्र्यांनी!’ माझी चळवळीतली मैत्रीण आटपाडीचीच. तिनं ते वाचलं.

“टोळी आल्ती, एवढंच तुला म्हाईत. कात्र्यांनी रोग आणला, हे कुठनं काढलंस?”

“कात्रीनं तेल्या पसरतो.”

“पसरू शकतो. म्हणून पसरलाच? मग त्यो बागवाला काय येगळं बोलतुया? तू नुसता गरीब बदललास गं.”

असली चिडले मी. पण पत्रक फाडलं, आणि वाद घालत घालतच आमचं ठरलं: ग्रामसभेला एवढंच विचारायचं, की जे माहीत आहे त्यावरून हे निघतं का. उत्तरं तीनच. निघतं, निघत नाही, सांगता येत नाही.

देवळापुढं ही गर्दी. मी माइक ओढला. “कळप शेजारी बसला, नंतर डाग दिसले. दोन्ही मान्य. यावरून कळपानं रोग आणला, हे निघतं का?”

“निघतं की,” बागवाला म्हणाला. “दुसरं कोण आलंय गावात?”

“पाऊस आला. छाटणीची टोळी आली. तुमची नवी रोपं आली. आज मी आले.”

“हिला बी बंदी घाला रं,” मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली.

“कळप ज्यांच्या रानात बसला, त्यांच्या बागांवर डाग आहेत का?”

सगळ्या माना खाली. खत घेतलेले हेच लोक!

“लेंडीखत चालतं, मग बोलायला काय झालं?” मी ओरडलेच.

एक म्हातारा उठला. “माझ्या बागंला लागूनच बसला व्हता. डाग न्हाईत.” मग दुसरा उठला, तिसरा उठला.

“म्हंजी मेंढरांनी आणलाच न्हाई म्हंता?” बागवाल्यानं विचारलं.

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. समोर मेंढक्याची बायको माझ्याकडंच बघत होती.

“तेही निघत नाही. सांगता येत नाही.”

तिनं कपाळाला हात लावला. “आवं ताई, आमच्या बाजूनं बोला की.”

“तुमच्याच बाजूनं बोलतेय, मावशी. सरपंच, जे सांगताच येत नाही, त्याची शिक्षा यांना कशी देणार?”

सरपंचांनी हात वर करायला सांगितले. बंदीचा ठराव पडला. बागवाल्याच्या बांधाकडं परत फिरकायचं नाही, एवढं मावशींनी कबूल केलं.

आणि मघाशी माना खाली घालून बसलेले दोघं माइकजवळच भांडायला लागले.

“उद्या माझ्या रानात बसवायची.”

“गप रं. माझी पाळी हाय.”

मावशी उठल्या. “आधी मेंढ्या व्यायच्यात,” त्यांनी दोघांनाही सुनावलं. “तवर कळप हलायचा न्हाई.”