बोंबील विकतं कोण

एप्रिल २०१७, रविवार सकाळ, झाईचा किनारा. हजर: मी, माल शोधत आलेली; डहाणूच्या आमच्या व्यापारी मंडळातला पुठ्ठ्याची खोकी विकणारा एक सभासद; जाळं शिवत बसलेला एक होडीवाला; बांबूंवर बोंबील वाळत घालणारी त्याची बायको. गैरहजर: सौजन्य.

सुके बोंबील पाकिटात भरून विकायचा माझा धंदा. नेहमी माल देणाऱ्याने यंदा हात वर केले होते. पावसाआधी दुसरीकडून मिळाला नाही, तर पाकिटं भरणाऱ्या दोघींना घरी बसवावं लागणार होतं. खोकीवाला म्हणाला, "चला, ओळख करून देतो." त्याची ओळख म्हणजे कार्ड देणं. "समोरच्याचं ऐका" या विषयावर तो मंडळात भाषण द्यायचा आणि मध्ये कुणी बोललं की चिडायचा.

तो सरळ होडीवाल्याकडे गेला. कार्ड दिलं, मोबाइलमधले फोटो दाखवले. "दादा, तुमचा सगळा माल आम्ही उचलू. बाजारात पाठवूच नका."

होडीवाल्याने दाताने दोरा तोडला. उत्तर बांबूंपलीकडून आलं.

"त्याला काय विचारतो? मासळी किनाऱ्याला लागली, त्याचं काम संपलं. विकते मी."

"ताई, घरच्या माणसाचा शब्द झाला की..."

"मग त्यालाच भर पाकिटात नि ने!"

होडीवाला जाळ्यात तोंड घालून हसला. परतताना खोकीवाला म्हणाला, "या लोकांना धंदाच करायचा नाही." घोलवडच्या नाक्यावर मी गाडी थांबवली आणि त्याला सांगितलं, इथून रिक्षा मिळते.

पुढच्या रविवारी एकटी गेले.

"आज कोणाला नाही आणलं, बाई? तो कार्डवाला सासरा मोकळा नव्हता?"

"नाही, मावशी. तुमच्याशीच बोलायचंय."

"तू बोलणार? मग मी कधी बोलू?"

मी वाळूवर बसले. तिने बसायला काही दिलं नाही, पाणीही विचारलं नाही. बोंबील उलटेपालटे करत ती बरसत राहिली. आदल्या वर्षी असाच एक गोड बोलून आला होता. सगळा माल मलाच दे, म्हणाला. म्हणून ती तलासरीच्या बाजाराला गेली नाही. पाड्यावरच्या बाया पावसाळ्याची सुकी मासळी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच भरायच्या. त्या येऊन रिकाम्या हाताने परतल्या. तो माणूस दोन खेपा नेऊन जो गेला, तो गेलाच. "तू पाकिटं विकशील मुंबईला. शिव्या मी खायच्या तलासरीला."

मी तशी नाही, हे ओठावर आलं होतं. पण तोही तसंच म्हणाला असणार. तिचं संपल्यावर एवढंच विचारलं, "बाजार झाल्यावर उरेल ते मला द्याल?"

"उरलं तर. पण आधी बाजारात माझ्या शेजारी बस. त्यांना तूच सांग, तुमच्या वाट्याला हात लावणार नाही म्हणून."

बसले. पहिल्याच बाईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "हीच काय ती, आमच्या तोंडचं पळवणारी?"

"ती नाही," मावशी म्हणाली. "पण जातीने व्यापारीच. नीट ऐकून घे तिचं, मग विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू."

दर गिऱ्हाइकाला मी तेच सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी तोंड फिरवून माल घेतला. संध्याकाळी उरलेल्या बोंबलांनी माझी दोन पोती भरली. दोघींचं काम टिकलं. मावशीने हसून बिसून दिली नाहीत. गाडीत टाकली आणि वर बोंबलांचं एक गाठोडं ठेवलं.

"हे तुझं नाही. एक म्हातारी गेल्या सालापासून माझ्याकडे फिरकली नाही. अच्छाडच्या अलीकडे पाडा आहे तिचा. मी गेले तर दार लावील. तू जा. तुझ्यासारख्यामुळेच तुटली ती, तूच जोड."

पाड्यावर मी दोनदा गेले. दोन्ही वेळा दार बंद होतं, आत खोकल्याचा आवाज. गाठोडं माझ्या गोदामात, खिळ्याला. पाऊस तोंडावर आलाय. तिसऱ्यांदा जायचं राहिलंय.